घरी शिकलेल्यांच्या शाळा : नगर जिल्ह्यातील काही नोंदी

अहमदनगर जिल्ह्याला २०२४ साली अहिल्यानगर हे नाव मिळाले. ज्या स्त्रीच्या नावाने हा जिल्हा आता ओळखला जातो ती कोणत्याही शाळेत गेलेली नव्हती. तिच्या काळात मुलींसाठी शाळाच नव्हत्या, त्यामुळे यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. नवल नाहीच. परंतु मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या कुटुंबांविषयी आज आपल्याकडे जी चर्चा होते, तिच्यात हा साधा इतिहास जवळजवळ अनुपस्थित असतो. होमस्कूलिंग हे अमेरिकेतून आलेले खूळ आहे. अशी मुले एकलकोंडी होतात. शिकवणारे आईबाप स्वतः पंडित असल्याशिवाय हे जमत नाही. घरी शिकणे म्हणजे काहीच न शिकणे, असे समज एका बाजूला आहेत. दुसऱ्या बाजूला या कुटुंबांच्या हितचिंतकांचाही एक लाडका समज आहे. घर म्हणजे मोकळीक आणि शाळा म्हणजे कोंडवाडा, असा. दोन्ही बाजूंचे समज तपासून पाहण्यासाठी नगर जिल्ह्यासारखी दुसरी जागा सहजी सापडणार नाही, कारण या एका जिल्ह्याच्या भूमीवर घरी शिकलेली इतकी वेगवेगळी माणसे वावरून गेली आहेत.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली आजच्या जामखेड तालुक्यातील चौंडी येथे झाला. वडील माणकोजी शिंदे यांनी मुलीला लिहायला-वाचायला शिकवले, असे चरित्रकार सांगतात. खरे शिक्षण मात्र सासरी झाले आणि ते सासऱ्यांनी दिले. मल्हारराव होळकरांनी सुनेला लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत तोफखाना, दारूगोळा, फौजेचे मुक्काम यांविषयीच्या सूचना येतात. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले, १७६६ मध्ये मल्हारराव वारले, आणि पुढच्याच वर्षापासून १७९५ पर्यंत या स्त्रीने माळव्याचा कारभार पाहिला. हे शिक्षण पुस्तकी नव्हते. प्रत्यक्ष काम अंगावर टाकून, चुकल्यास पत्राने सावध करून दिलेले ते शिक्षण होते. मात्र त्यावरून अठराव्या शतकातील घरे मुलींच्या शिक्षणाला अनुकूल होती असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. एका दौलतीला एका कर्त्या माणसाची निकड होती, आणि ते कर्ते माणूस सून निघाली. चौंडीतल्या इतर मुलींच्या वाट्याला धुळाक्षरेही आली नसावीत.

याच जिल्ह्यातील नेवाशाची परंपरा त्याहून पाचशे वर्षे जुनी. संन्याशाची मुले म्हणून ज्यांना वाळीत टाकले गेले त्या चार भावंडांत थोरला भाऊच धाकट्याचा गुरू झाला, आणि शके १२१२ मध्ये नेवाशाला गीतेवरील मराठी टीका सिद्ध झाली. यातील चरित्राचा भाग परंपरेचा आहे आणि तो परंपरा म्हणूनच घ्यावा. पण घराबाहेरची दारे बंद झाल्यावर घरातच विद्या चालू राहते, ही कल्पना मराठी मनाला किती जुन्या काळापासून परिचित आहे, एवढे तरी त्यावरून दिसते.

घरातील शिक्षणाचा दैनंदिन व्यवहार कसा असतो, त्यात कोण चिडते, कोण रडते, पाठ कोठे तुटतो, हे जाणून घ्यायचे तर आपल्याला लक्ष्मीबाई टिळकांकडे यावे लागते. १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेली ही गोखल्यांची मनकर्णिका अकराव्या-बाराव्या वर्षी नारायण वामन टिळकांची पत्नी झाली. शाळेचे तोंड तिने पाहिले नव्हते. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून. आणि हा नवरा म्हणजे एका गावी स्थिरपणे राहील असा माणूसच नव्हता. नोकरी धरावी, सोडावी, न सांगता निघून जावे, मग अकस्मात कोठूनतरी पत्र पाठवावे, असा त्यांचा क्रम. कवी म्हणून ते थोर होते. शिक्षक म्हणून मात्र लहरी आणि तापट. त्यामुळे लक्ष्मीबाईंचे शिक्षण बिऱ्हाडाबरोबर हलत राहिले, अडत राहिले. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा तर ते साफ थांबले. पतीपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली.

पुढे लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या. त्यांच्या आयुष्याची मधली महत्त्वाची वर्षे नगर आणि राहुरी येथे गेली, आणि माझ्या मते त्यांचे खरे शिक्षण तेथे झाले. पित्याच्या घरी सोवळ्याचा अतिरेक पाहिलेल्या, स्वतःही ते सोवळे घट्ट धरून राहिलेल्या या स्त्रीने जातिभेद टाकला तो बाप्तिस्मा घेण्याच्या आधी, स्वतःच्या विचाराने. टिळकांनी तो पाठ म्हणून दिलेला नव्हता. शेजार, पाणी, स्वयंपाक, आजारपण या रोजच्या गोष्टींतून तो त्यांच्यापुढे आला. त्यांचे घरही चार भिंतींचे खाजगी घर उरले नव्हते. निराधार मुले, येणारेजाणारे, नवशिके कवी यांचा तेथे राबता असे. जळगावच्या १९०७ सालच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ठरलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे नगरला याच घरात राहिले. ज्या घरात सकाळी अनाथ पोरांची न्याहारी, दुपारी ‘ज्ञानोदया’चा मजकूर आणि रात्री कवितेवरचे वाद चालतात, त्या घरात शिकणाऱ्या बाईला एकलकोंडी कोण म्हणेल? टिळक १९१९ मध्ये वारले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. त्याचा पुढचा बराच मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली. मराठी गद्याचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांचे स्थान सांगण्याची गरज नाही. लक्षात घ्यावे ते एवढेच, की त्या गद्याचा कस हा बोलण्याचा कस आहे. शाळेतल्या निबंधाचे वळण त्या हाताला कधी लागलेच नव्हते, म्हणून तो टिकला असावा. अर्थात शाळेबाहेर राहिलेल्या प्रत्येक बाईने असे गद्य लिहिले असते, असे यातून सिद्ध होत नाही.

येथे गुरू-पतीच्या प्रश्नाकडे वळले पाहिजे, कारण एकोणिसाव्या शतकातील मराठी स्त्रीचे घरशिक्षण बहुतांशी नवऱ्याच्या हाती होते. घरात शिकणे म्हणजे मायेने शिकणे, हा समज या साहित्यापुढे टिकत नाही. आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेल्या पत्रात, लहानपणी शिकवताना त्यांनी केलेल्या मारहाणीची आठवण स्पष्ट शब्दांत करून दिली आहे. रमाबाई रानडे यांना माधवरावांसारखा संयमी शिक्षक मिळाला. पण त्यांच्या आठवणी वाचताना जाणवतो तो घरातल्या बायकांचा जाच. नवऱ्याने शिकवायचे आणि तेच वाचन सासरच्या बायकांपुढे लपवायचे, अशी ती कसरत होती. शाळा सुटल्यावर मुलगी घरी जाते. घरच शाळा असेल तर सुटून जायचे कोठे, हा प्रश्न या बायकांपुढे अक्षरशः होता.

आणि म्हणूनच एक गोष्ट अभ्यासण्याजोगी वाटते. घरी शिकलेल्या या स्त्रियांपैकी कितीतरी जणींनी पुढे शाळा काढल्या किंवा शाळांसाठी आयुष्य वेचले. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवले ते आईने, अरण्यात आणि पुढे तीर्थयात्रेच्या वाटांवर. शाळेविना किती शिकता येते याचे त्यांच्याहून मोठे उदाहरण नाही. त्याच रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले. रमाबाई रानडे १९०९ पासून पुण्याच्या सेवासदनाशी निगडित राहिल्या. सावित्रीबाई फुले यांची पहिली अक्षरे जोतीरावांनी घरी गिरवून घेतली. पण शिक्षिका होण्याची तयारी करायला त्या नगरला आल्या, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. नगरलाच का, तर तेथे सिंथिया फरार होत्या. अमेरिकन मिशनच्या या अविवाहित शिक्षिका १८२७ च्या अखेरीस मुंबईत उतरल्या, १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये तेथेच वारल्या. त्यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीरावांना पुण्यातल्या शाळेची प्रेरणा मिळाली, असेही सांगितले जाते.

शाळा का हवी होती, याचे उत्तर १८५५ सालच्या एका निबंधात आहे. ‘ज्ञानोदय’ हे पत्र १८४२ साली नगरला निघाले होते. त्याच पत्रात फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध दोन अंकांत आला. मुक्ताच्या घरी शास्त्रीबोवा नव्हते, पोथी नव्हती, आणि वेद ऐकणेही तिच्या लोकांना वर्ज्य होते. अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या मुलीला घरात जे मिळू शकले ते मुक्ताला घरात मिळणे शक्यच नव्हते. घरी शिकण्याचा इतिहास सांगताना आपण नकळत त्या घरांचा इतिहास सांगत असतो ज्यांत आधीपासून अक्षर नांदत होते. ही मर्यादा आपल्या लेखनात क्वचितच नोंदवली जाते.

आता नगरच्या भुईकोट किल्ल्याकडे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सदस्य तेथे आणून ठेवले गेले. त्यांपैकी दोघांचे बालपण शाळेबाहेर गेले होते. जवाहरलाल नेहरू पंधराव्या वर्षी, १९०५ साली, हॅरोला जाईपर्यंत अलाहाबादच्या घरीच शिकले. फर्डिनंड ब्रुक्स या शिक्षकाने त्यांना वाचनाची गोडी लावली आणि घरातच छोटी प्रयोगशाळा मांडून दिली. पण आत्मचरित्रात नेहरूंनी त्या बालपणातील एकटेपणाही सांगितला आहे. शाळेत न गेल्यामुळे बरोबरीची मुले भेटली नाहीत, बहीण अकरा वर्षांनी लहान. तेव्हा एकलकोंडेपणाची शंका अगदीच निराधार आहे, असे घरशिक्षणाच्या कैवाऱ्यांनीही म्हणू नये. टिळकांच्या राहुरीच्या बिऱ्हाडात ती शंका उद्भवत नाही, आनंदभवनात उद्भवते. फरक घर आणि शाळा यांतला नसून उघड्या घराचा आणि बंद घराचा आहे.

मौलाना आझादांची कथा अधिक गुंतागुंतीची. वडील मौलाना खैरुद्दीन यांना नव्या शिक्षणाचे वावडे होते. मुलाला त्यांनी मदरशातही घातले नाही. आधी स्वतः, मग विषयवार शिक्षक नेमून कलकत्त्याच्या घरी जुना अभ्यासक्रम पुरा करून घेतला. सोळाव्या वर्षाच्या सुमारास मुलगा तो संपवून इतर विद्यार्थ्यांना तर्कशास्त्र शिकवत होता. इतके कडेकोट घर, आणि नेमके त्याच घरात मुलाच्या मनात वारशाने आलेल्या श्रद्धेविषयी शंका उपजल्या. सर सय्यद अहमदांचे लेखन वाचून त्याने इंग्रजी शिकायचे ठरवले. एका परिचिताकडून मुळाक्षरे घेतली, मग बायबलाची इंग्रजी, फारसी आणि उर्दू भाषांतरे शेजारी ठेवून वाट काढली. सतारही शिकला, वडिलांच्या नकळत. ही हकिगत त्यांनी लिहिली ती नगरच्या किल्ल्यात. पहाटे उठून, स्वतःच्या हाताने चहा करून, एका मित्राच्या नावे ते पत्रे लिहीत. ती तेथून पाठवता येत नव्हती. १९४६ मध्ये ती ‘गुबारे खातिर’ या नावाने ग्रंथरूप झाली. त्याच किल्ल्यात १९४४ साली नेहरूंनी ‘भारताचा शोध’ लिहिला, आणि त्यासाठी आझादांसह काही सोबत्यांच्या विद्वत्तेचे ऋण मानले. आझाद पुढे स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले. शाळेत कधीही न गेलेला हा माणूस १९५८ पर्यंत देशाला शाळा देण्याच्या खटाटोपात होता.

या पार्श्वभूमीवर आजच्या कुटुंबांकडे पाहावे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे त्यात पालकाचे कर्तव्य म्हटले आहे. मात्र तसे न करणाऱ्या पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. त्यामुळे घरी शिकवणे हा गुन्हा आहे हा समज चुकीचा, आणि कायद्याने त्याला उघड मान्यता दिली आहे हा समजही तितकाच चुकीचा. परीक्षेची वाट बंद नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्था आहे, राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज आहे. ज्या आईबापांकडे पुस्तके, वेळ आणि पदव्या आहेत त्यांच्या मुलांचे यात फारसे अडत नाही. शेजारीपाजारी चौकशा करतात, आजीआजोबा काळजी करतात, एवढेच.

परंतु शाळेबाहेरचे मूल म्हटले की नगर जिल्ह्यात डोळ्यांपुढे येणारे मूल हे नव्हे. चौंडी ज्या जामखेड तालुक्यात आहे तेथून, तसेच पाथर्डी आणि शेवगावकडून, पाऊस सरल्यावर ऊसतोडीची बिऱ्हाडे निघतात. ती उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत परतत नाहीत. त्यांच्याबरोबर जाणारी मुले कोपीत राहतात, धाकट्यांना सांभाळतात, वाढे गोळा करतात. साखरशाळा काही ठिकाणी निघाल्या, काही बंद पडल्या. ही मुलेही सहा महिने आईबापांपाशीच असतात, रोज काहीतरी शिकतच असतात, आणि त्यांच्या या शिकण्याला घरशिक्षण म्हणण्याचे धाडस अद्याप कोणी केलेले नाही.