कुमारपाळ राजा लढाई करायचा का?



मागच्या पर्युषणात आमच्या देरासरात आरतीची बोली आमच्या मुलाने घेतली आणि नातू कुमारपाळ राजा झाला. डोक्यावर मुकुट, खांद्यावर शेला, गळ्यात मोत्यांची माळ. आठ वर्षांचं पोर, पण आरती संपेपर्यंत खऱ्या राजासारखं चालत होतं. घरी आल्यावर मुकुट काढता काढता त्याने विचारलं, "आजी, कुमारपाळ राजा लढाई करायचा का?"

तेव्हा टीव्हीवर युद्धाच्या बातम्या चालू होत्या. हे म्हणाले, "बघा, धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घेतात आणि दुसऱ्यांच्या देशावर बॉम्ब टाकतात." आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. मी मात्र नातवाच्या प्रश्नापाशी अडले. दुसऱ्यांच्या पुढाऱ्यांचा हिशेब आपण लगेच मांडतो. आपल्या राजाचा मांडून बघितलाय का?

दुसऱ्या दिवसापासून पुस्तकं काढून बसले.

कुमारपाळ ११४३ ते ११७२ या काळात गुजरातचा राजा होता. राजधानी पाटण, गुरू हेमचंद्राचार्य. त्याची अमारी घोषणा, म्हणजे जीवहत्येवर बंदी, आपण व्याख्यानात दरवर्षी ऐकतो. ती नुसती कथा नाही. राजस्थानात किराडू इथे त्याचा मांडलिक आल्हणदेव याचा विक्रम संवत १२०९ चा, म्हणजे साधारण ११५२-५३ चा शिलालेख आहे. अष्टमी, एकादशी आणि चतुर्दशीला प्राणी मारू नयेत, असा हुकूम त्यात कोरलाय. एका व्यापाऱ्याने ऊ मारली म्हणून राजाने त्याच्या पैशातून 'यूकाविहार' नावाचं मंदिर बांधून घेतलं, असंही मेरुतुंगाचार्यांच्या 'प्रबंधचिंतामणी'त आहे.

आपल्या बायकांच्या दृष्टीने त्याचं सर्वांत मोठं काम वेगळंच. त्या काळी एखादा माणूस मुलगा नसताना वारला, तर त्याची सगळी मालमत्ता सरकारजमा व्हायची. नवरा गेलेल्या बाईच्या डोळ्यांदेखत घर रिकामं व्हायचं. या पैशाला नावच होतं 'रुदतीधन', रडणाऱ्या बाईचं धन. कुमारपाळाने ते घेणं बंद केलं. ग्रंथात ७२ लाखांच्या उत्पन्नावर पाणी सोडल्याचा आकडा आहे. मी कॉमर्सची, मला आकडा लागतोच. राज्याची एवढी मिळकत सोडायला धर्म नुसता ओठांवर असून चालत नाही.

आता दुसरी बाजू. ती आपल्या कोकणातलीच आहे, मी राहते त्या ठाण्याची. तेव्हा इथे उत्तर कोकणच्या शिलाहारांचं राज्य होतं आणि मल्लिकार्जुन राजा होता. मेरुतुंगाचार्य सांगतात, कुमारपाळाच्या दरबारात एका भाटाने मल्लिकार्जुनाची स्तुती करताना त्याची 'राजपितामह' ही पदवी म्हटली. राजांचा आजोबा! कुमारपाळाला ते सहन झालं नाही. त्याने मंत्री आंबड याला सैन्य देऊन पाठवलं. पहिल्या वेळी आंबड हरला आणि लाजेने काळे कपडे घालून परतला. राजाने जास्त सैन्य देऊन त्याला पुन्हा पाठवलं. या वेळी मल्लिकार्जुन मारला गेला. त्याचं शिर सोन्याने मढवून भर दरबारात राजाच्या पायाशी ठेवलं. बरोबर लूट होती. त्यात शृंगारकोटी नावाची साडी होती आणि एक हार होता, नाव 'पापक्षय'.

हा ग्रंथ घटनेनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी लिहिलेला, तेव्हा कथेचा रंग असणारच. मल्लिकार्जुनाला कोणी मारलं यावरही मतभेद आहेत. चौहानांचं काव्य ते श्रेय सोमेश्वराला देतं. पण कोकणच्या राजाचा पराभव आणि मृत्यू खुद्द हेमचंद्राचार्यांच्या प्राकृत 'द्व्याश्रय' काव्यातही आहे. मल्लिकार्जुनाचा वसईचा लेख ११६० चा, आणि ११६२ च्या सुमारास गादीवर अपरादित्य दिसतो. म्हणजे ही लढाई किराडूच्या हुकुमानंतरची. आपल्या ग्रंथकारांनी ती लपवली नाही, उलट कौतुकाने लिहिली.

कोणी म्हणेल, राजाला विरोधी हिंसेची मुभा आहे. आहेच. शत्रू चालून आला तर श्रावकाने राज्य, घर, माणसं राखायची. पण या कथेत कोकणातून कोणी चालून आलं नव्हतं. चालून आला होता तो एक शब्द. आणि हाती काय लागलं? शिलाहारांचं राज्य पुढे शंभर वर्षं राहिलं.

मला वाटतं, गोम इथेच आहे. पाटणची विधवा राजाच्या कानावर येईल इतकी जवळ रडत होती. कोकणातल्या सैनिकांच्या बायका त्याला दिसल्याच नाहीत. आजच्या पुढाऱ्यांचंही तेच होतं. आपल्या माणसांपुरती दया खरी असते, पण सीमा आली की ती थांबते आणि तिथून पुढे मान-अपमान सुरू होतो. एका गिऱ्हाइकाने वेळेवर पैसे दिले म्हणून दुसऱ्याची उधारी मिटत नाही. तसंच पुण्य आणि पाप वेगवेगळं भोगायचं असतं, असंच आपला धर्म सांगतो.

हे लिहिताना मला माझीच गोष्ट आठवली, म्हणून थांबले. पुतणीच्या लग्नाच्या पत्रिकेत आमची नावं खाली छापली, म्हणून तीन वर्षं मी धाकट्या जावेशी धड बोललेली नाही. या तीन वर्षांत दोन अठ्ठाया केल्या, जमिनीखालचं काही खाल्लं नाही, पाणी गाळून-उकळून प्यायले. संवत्सरीला सगळ्या जगाला मिच्छा मि दुक्कडं म्हटलं, आणि तिला नुसता मोबाइलवर फुलांचा फोटो पाठवला. माझी 'राजपितामह' ती पत्रिका.

काल तिला फोन केला. सुरुवातीला दोघी पावसाबद्दलच बोललो. मग मी पत्रिकेचा विषय काढला आणि क्षमा मागितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, पत्रिका छापायला मी दिलीच नव्हती."

नातवाला मी खरं तेच सांगितलं. कुमारपाळ राजाने रडणाऱ्या बायकांचे पैसे सोडले, मुक्या जिवांना वाचवलं, आणि एका पदवीच्या रागाने आपल्या ठाण्याच्या राजावर सैन्यही पाठवलं. तो म्हणाला, "मग पुढच्या वर्षी मी कुमारपाळ होऊ की नको?"

हो बाळा, जरूर हो, म्हटलं. फक्त कोकणचंही लक्षात ठेव.

मिच्छा मि दुक्कडं.