चाकाच्या खुर्चीवरील युगुलनृत्य

वॉल्ट्झ, टँगो इत्यादी युगुलनृत्ये ज्या पाश्चात्त्य समाजात प्रतिष्ठा पावली, त्या समाजालाही पाय निकामी झालेल्या माणसाला अशा नृत्यात जोडीदाराचे स्थान आहे हे उमगण्यास १९६८ साल उजाडावे लागले. त्या साली स्वीडनमध्ये मनोरंजन आणि पुनर्वसन अशा दुहेरी हेतूने हे नृत्य सुरू झाले, आणि एल्स-ब्रिट लार्सन या स्वतः चाकाच्या खुर्चीवर असणाऱ्या बाई त्याच्या आद्य प्रवर्तकांत होत्या. १९७५ साली तेथेच पहिली स्पर्धा भरली, तीत ३० जोड्या उतरल्या. १९९८ साली जपानात पहिली जागतिक स्पर्धा झाली. या इतिहासाचा पाया मात्र १९३३ सालीच घातला गेला होता. खाणीतील अपघाताने पंगू झालेला हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्याचा मित्र हॅरी जेनिंग्ज या दोघा अभियंत्यांनी घडीची, हलकी खुर्ची सिद्ध केली नसती, तर रुग्णालयातील जड खुर्चीवर कोणाला गिरकी घेता आली असती?

ही गिरकी पाहण्यासारखी असते. खुर्चीवरील नर्तक एका चाकाची कड तळहाताने रोखतो, दुसरे चाक पुढे लोटतो, आणि खुर्ची जागच्या जागी वळते. मग तो एक हात सोडवून उभ्या जोडीदाराच्या हाती देतो, आणि त्या दोन हातांतील ताणावर चाके तालात घरंगळू लागतात. आपल्या फुगडीत दोघींचा तोल जसा परस्परांच्या हातांवर असतो, तसाच तो येथेही असतो. कोण कोणाला सांभाळतो आहे, हा प्रश्नच तेथे उरत नाही, आणि माझ्या मते या कलेचे सारे महत्त्व यातच आहे.

आमच्या वर्धा जिल्ह्यास सेवेचा वारसा मोठा. विनोबांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली दत्तपूरला कुष्ठधाम उभारले; याच जिल्ह्यातील हिंगणघाटी जन्मलेल्या बाबा आमट्यांनी पुढे वरोऱ्याजवळ आनंदवन वसविले, आणि तेथे डॉ. विकास आमटे यांच्या पुढाकाराने 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद उभा राहिला, ज्यात कुष्ठमुक्त, अंध, मूकबधिर व अपंग कलावंत गातात, वाजवितात, नाचतात. ज्यांना समाजाने गावकुसाबाहेर काढले होते, त्यांना ऐकण्यासाठी लोक तिकीट काढून बसू लागले, ही क्रांती लहान नव्हे.

तरीही एक पाऊल बाकी आहे. आपल्या समारंभांत अपंग मूल मंचावर आणि धडधाकट मुले समोर टाळ्या वाजवीत, ही वाटणी अजून मोडलेली नाही. त्या मुलाला टाळ्या पुष्कळ मिळतात, जोडीदार मिळत नाही. आर्वीसारख्या तहसिलीच्या गावी बॉलरूमची दालने नाहीत, त्यांची गरजही नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात एका खुर्चीभोवती फेर धरता आला, तरी पुरे. मात्र मंचावर चढायला पायऱ्याच असतील तर खुर्ची खालीच राहते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाने सार्वजनिक इमारती सुगम करण्याचे बंधन घातलेले आहे. तेव्हा आर्वीच्या शाळांनी आणि नगरपालिकेने येत्या संमेलनापूर्वी आपापल्या मंचाला एक पक्का उतार बांधण्याची तजवीज करावी, आणि पालकांनी तिचा पाठपुरावा करावा, ही विनंती.