तसबिरीतले उद्ध्वस्त शहर

भिंतीवर तसबीर लावण्याची चाल आपल्याकडे घरोघर आहे. देवादिकांच्या, वाडवडिलांच्या, देशभक्तांच्या तसबिरी आपण लावतो. पण आणखी एका तऱ्हेची तसबीर हल्ली चौकटीत बसवून विकली जाते. ती असते युद्धात जमीनदोस्त झालेल्या शहराची. काळ्या-पांढऱ्या छटा, धूर, पडक्या भिंती. दिसायला देखणी, बैठकीत शोभेल अशी! आता असं पाहा, जिथे माणसे होरपळून मेली, ती जागा शोभेची कशी झाली? तीन छायाचित्रांची हकीकत ऐकली, की याचा उलगडा होईल.

पहिले छायाचित्र आपल्याच देशातले, लखनौचे. नोव्हेंबर १८५७ मध्ये तिथल्या सिकंदरबागेत इंग्रजी फौजेने उठावातल्या सुमारे दोन हजार शिपायांची कत्तल केली. फेलिस बिआतो हा छायाचित्रकार तिथे पोहोचला तो १८५८ च्या वसंतात. त्याच्या चित्रात पडक्या इमारतीपुढे हाडे आणि कवट्या पसरलेल्या दिसतात. चार महिन्यांनंतर ही हाडे अंगणात आली कुठून? अभ्यासकांचे म्हणणे असे, की चित्रासाठी ती मुद्दाम मांडली होती. त्या काळी काचेवर चित्र घेत, आणि त्याला काही सेकंद लागत. धावता माणूस, उडता धूर काचेवर ठरत नसे. पडकी भिंत मात्र हलत नाही, आणि मेलेला माणूसही हलत नाही! म्हणून लढाईच्या मागून जाऊन अवशेषच टिपावे लागत. बिआतोची ही चित्रे पुढे लंडनमध्ये विकली गेली. चित्राच्या नावातच किती मारले आणि कोणत्या पलटणींनी मारले, हे अभिमानाने नोंदले होते. घेणाऱ्याला ती विजयाची आठवण होती. मेलेल्यांच्या घरच्यांना ती काय वाटली असती, ते सांगायला नकोच.

दुसरे चित्र लंडनचे. २९ डिसेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी शहरावर आगीचे बॉम्ब टाकले. हर्बर्ट मेसन या छायाचित्रकाराने आपल्या वृत्तपत्राच्या गच्चीवरून सेंट पॉल चर्चचा घुमट टिपला. भोवती धुराचे लोट, मधोमध घुमट उभा. दोन दिवसांनी ‘डेली मेल’ने ते पहिल्या पानावर छापले. पण छापताना त्याच्या कडा कातरल्या, पुढच्या जळक्या घरांचा बराच भाग गाळला, आणि घुमट ठळक झाला. वाचकाने म्हणावे, आपले लंडन उभे आहे! गंमत अशी, की जानेवारी १९४१ मध्ये हेच चित्र बर्लिनच्या एका सचित्र साप्ताहिकानेही छापले. तिथे त्याचा अर्थ झाला, लंडन जळते आहे! चित्र एकच, कातर बदलली, खालची ओळ बदलली, आणि अर्थ पार उलटला.

तिसरे जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे. फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी हे शहर जाळले. पुढे इतिहासकारांच्या समितीने २०१० मध्ये मृतांचा आकडा जास्तीत जास्त पंचवीस हजार ठरवला. रिखार्ड पेटर या छायाचित्रकाराचा स्वतःचा सारा संग्रह त्या आगीत गेला होता. त्याच वर्षी त्याने नगरभवनाच्या मनोऱ्यावरून एक चित्र घेतले. पुढे दगडी मूर्ती, हात खाली पसरलेला, आणि खाली दूरवर छप्पर उडालेली घरेच घरे. लोक तिला देवदूत म्हणतात; खरी ती ‘चांगुलपणा’ या गुणाची मूर्ती. हे चित्र जगभर पसरले. पण पेटरच्या पुस्तकात तळघरांत सापडलेल्या प्रेतांचीही चित्रे आहेत, बरं का! ती कोणी दिवाणखान्यात लावीत नाही. शिवाय, त्याआधी १९४० मध्ये जर्मन विमानांनी रॉटरडॅम आणि कॉव्हेन्ट्री उद्ध्वस्त केली होती, तेही या चौकटीत मावत नाही. त्यामुळे ड्रेस्डेनच्या मृतांचे दुःख कमी होत नाही; पण गोष्ट अर्धीच राहते.

म्हणजे उलगडा हा, की चौकट दाखवते तशी लपवतेही. माणसे वगळली, नाव-गाव पुसले, की उरतो तो छाया-प्रकाशाचा खेळ. तोच भिंतीवर शोभतो.

मग अशी चित्रे लावूच नयेत का? अवश्य लावावीत. मात्र खाली चार गोष्टी लिहाव्यात : शहर कोणते, तारीख कोणती, ते कोणी उद्ध्वस्त केले, आणि चित्र कोणी, कोणासाठी घेतले. शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी पाडा आणि ती कोणत्याही मोठ्या चित्रावर सरकवा. दर वेळी मुलांना विचारा, ‘आता काय दिसते? आणि काय झाकले गेले?’ दुसरा प्रश्न विचारायची सवय ज्या मुलाला लागली, त्याला इतिहास वाचता येऊ लागला असे खुशाल समजा.