हास्यचित्रांस भिंतीवरचें स्थान

देवळापुढें दशावतार रंगला असतां संकासुर पुढें आला म्हणजे आमच्या मिठबावसारख्या गांवीं लहानथोर सारेच हंसूं लागतात. परंतु दुसऱ्या दिवशीं घरांत लावण्यास संकासुराची तसबीर कोणी आणीत नाहीं. तो मान देवादिकांचा व राजेरजवाड्यांचा. हंसविणाऱ्यास आपण दाद देतों, आसन देत नाहीं. चित्रकलेंतहि पुष्कळ काळ हीच रीत होती. हास्यचित्र एकदां छापून निघालें कीं त्याचें कार्य संपलें, असा समज असे. ही रीत मोडणाऱ्या दोन चित्रकारांची हकीकत आज सांगावयाची आहे.

पहिले शिवराम दत्तात्रेय फडणीस. त्यांचा जन्म १९२५ सालचा, बेळगांव जिल्ह्यांतील भोज गांवचा. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत त्यांचें शिक्षण झालें. त्या काळीं दिवाळी अंकाचें मुखपृष्ठ म्हणजे बहुधा एखाद्या सुंदर स्त्रीचें चित्र. १९५२ सालीं ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठावर फडणिसांनीं एक तरुण व एक तरुणी जवळ जवळ उभीं केलीं, एकाच्या कपड्यांवर उंदरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यांवर मांजरांची! खालीं एकहि शब्द नाहीं. हंसें वाचकानें स्वतः शोधावयाचें. पुढें १९६५ सालीं त्यांनीं आपलीं चित्रें ‘हसरी गॅलरी’ या नांवानें प्रदर्शनांत मांडलीं, आणि मासिकांतलें हंसें भिंतीवर आलें. प्राथमिक शाळेच्या गणिताच्या पुस्तकांतहि त्यांचीं चित्रें आलीं. रुक्ष आंकड्यांशीं मुलांची मैत्री जुळविण्यास चित्र किती उपयोगी पडतें, हें आम्हां शिक्षकांस निराळें सांगावयास नको.

दुसरे अमेरिकेंतील कार्ल बार्क्स. डोनाल्ड नांवाच्या बदकाच्या चित्रकथा त्यांनीं वर्षानुवर्षें लिहिल्या व रेखाटल्या. त्याचा कंजूष काका स्क्रूज १९४७ सालीं त्यांनींच जन्मास घातला. परंतु पुस्तकावर नांव डिस्ने यांचें. बार्क्स यांचें नांव वाचकांस कित्येक वर्षें ठाऊकहि नव्हतें. मूळ रेखाटनें छपाईनंतर बहुतेक नष्ट झालीं. १९६६ सालीं ते निवृत्त झाले; आणि १९७१ पासून डिस्ने कंपनीची परवानगी घेऊन त्याच बदकांचीं तैलचित्रें रंगवूं लागले. छापील पानावरचा सपाट रंग गेला. नाण्यांच्या राशींवर खरी झळाळी चढली. पुढें कोणी तरी त्या चित्रांच्या अनधिकृत प्रती काढल्या, तेव्हां १९७६ सालीं कंपनीनें परवानगी काढून घेतली. कांहीं वर्षांनीं ती पुन्हां मिळाली. त्यांतील कांहीं चित्रांस लिलावांत लाख डॉलरांहून अधिक मोल आलें.

दोघांतील भेद पाहा. फडणिसांच्या पात्रांस नांवें नाहींत, पण चित्राखालीं चित्रकाराची सही आहे. बार्क्सच्या पात्रांचें नांव जगभर, पण तीं रंगविण्यास निर्मात्यालाच दुसऱ्याची अनुज्ञा लागली. भिंतीवर जागा मिळाली तरी निर्मितीवरचा हक्क मिळतोच असें नाहीं, हा या इतिहासाचा बोध.

आपल्या गांवांतील वाचनालयांत व माळ्यांवर जुने दिवाळी अंक अजून असतील. ते रद्दींत घालण्यापूर्वीं मुखपृष्ठ एकवार न्याहाळावें, कोपऱ्यांतील सही वाचावी आणि तें नांव मुलांस सांगावें. आपणांस हंसविणाऱ्याचें एवढें ऋण तरी आपण फेडलें पाहिजे.