युरोप एक, परवाने अनेक : नोकरीसाठी देश बदलताना भारतीयांना लागू होणारे नियम

बेंगळुरू : नोकरीनिमित्त जर्मनी, नेदरलँड्स किंवा पोलंडमध्ये गेलेल्या भारतीयाला पुढे दुसऱ्या युरोपीय देशात राहून काम करता येईल का, हे त्याच्या पात्रतेइतकेच त्याच्याकडील परवान्याच्या प्रकारावर अवलंबून असते. युरोपातील बहुतेक देशांच्या सीमांवर नियमित तपासणी होत नाही. त्यामुळे एका देशाचा परवाना सगळीकडे चालतो, असा समज रूढ झाला आहे. प्रत्यक्षात प्रवासाची मोकळीक आणि कामाचा अधिकार या दोन स्वतंत्र बाबी आहेत. कोणता परवाना घ्यायचा हा निर्णय बहुतेकदा भारत सोडण्यापूर्वीच होत असल्याने, या नियमांची माहिती नोकरीच्या करारावर सही करण्याआधी असणे आवश्यक ठरते.

बेंगळुरूसाठी हा विषय विशेष जिव्हाळ्याचा आहे. बॉश, सॅप, एअरबस, फिलिप्स अशा युरोपीय कंपन्यांची मोठी तांत्रिक केंद्रे या शहरात आहेत. येथे मुख्यालय असलेल्या इन्फोसिस आणि विप्रो या कंपन्यांचा युरोपात विस्तृत व्यवसाय आहे. जर्मनी, फ्रान्स आणि नेदरलँड्स या देशांचे महावाणिज्य दूतावासही शहरात कार्यरत आहेत. महाराष्ट्रातही या विषयाकडे लक्ष वेधले गेले आहे. कुशल मनुष्यबळ पाठवण्यासाठी राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. भारत आणि जर्मनी यांच्यातील स्थलांतर व गतिशीलता भागीदारी करारावर त्याआधी, ५ डिसेंबर २०२२ रोजी, नवी दिल्लीत स्वाक्षऱ्या झाल्या होत्या.

शेंगेन क्षेत्र आणि युरोपीय संघ

शेंगेन क्षेत्रात २९ देश असून युरोपीय संघाचे सदस्य २७ आहेत. या दोन्ही याद्या सारख्या नाहीत. आयर्लंड आणि सायप्रस हे संघाचे सदस्य असले तरी शेंगेन क्षेत्रात नाहीत. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन हे शेंगेनमध्ये आहेत. मात्र संघाचे सदस्य नाहीत.

शेंगेन देशाचा वैध निवास परवाना असलेल्या भारतीयाला इतर शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांच्या कालावधीत जास्तीत जास्त ९० दिवस जाता येते. ही सवलत पर्यटन, नातेवाइकांच्या भेटी किंवा व्यावसायिक बैठकांसाठी आहे. तिच्या आधारे दुसऱ्या देशात नोकरी स्वीकारता येत नाही. एखाद्या देशाच्या राष्ट्रीय कायद्यानुसार मिळालेला कामाचा परवाना सर्वसाधारणपणे त्याच देशापुरता मर्यादित असतो. दुसरीकडे जायचे असल्यास नवी नोकरी, नवा अर्ज आणि नवा परवाना अशी प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

ब्लू कार्डचा अपवाद

या नियमाला महत्त्वाचा अपवाद युरोपीय संघाच्या ब्लू कार्डचा आहे. उच्चशिक्षित बिगरयुरोपीय नोकरदारांसाठीची ही योजना २००९ च्या निर्देशाने सुरू झाली. तिची सुधारित आवृत्ती २०२१ मध्ये संमत झाली आणि तिची अंमलबजावणी करण्यासाठी सदस्य देशांना १८ नोव्हेंबर २०२३ पर्यंत मुदत होती. डेन्मार्क आणि आयर्लंड या योजनेत सहभागी नाहीत.

सुधारित नियमांनुसार, पहिल्या देशात ब्लू कार्डवर १२ महिने वास्तव्य केल्यानंतर धारकाला नोकरीसाठी दुसऱ्या सदस्य देशात जाता येते. त्यासाठी भारतात परत येऊन व्हिसा घेण्याची गरज नसते. प्रवेश केल्यापासून एक महिन्याच्या आत त्या देशाकडे अर्ज करणे बंधनकारक आहे. परिपूर्ण अर्ज दाखल झाल्यावर कमाल ३० दिवसांत काम सुरू करण्याची मुभा द्यावी लागते. त्यापुढे तिसऱ्या देशात जाण्यासाठी दुसऱ्या देशातील सहा महिन्यांचे वास्तव्य पुरेसे ठरते. दुसऱ्या देशाने अर्ज फेटाळल्यास पहिल्या देशाने संबंधित व्यक्तीला व तिच्या कुटुंबीयांना परत प्रवेश द्यावा, अशीही तरतूद आहे.

माहिती तंत्रज्ञान क्षेत्रासाठी आणखी एक तरतूद उपयुक्त आहे. या क्षेत्रातील व्यवस्थापक आणि तज्ज्ञांना पदवी नसली तरी मागील सात वर्षांत किमान तीन वर्षांचा संबंधित अनुभव असल्यास ब्लू कार्डसाठी पात्र धरले जाऊ शकते.

या योजनेचा लाभ घेणाऱ्यांमध्ये भारतीय आघाडीवर आहेत. युरोस्टॅटच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये सुमारे ८९ हजार ब्लू कार्ड देण्यात आली. त्यांपैकी सुमारे २१ हजार भारतीयांना मिळाली. एकूण कार्डांपैकी ६९ हजार एकट्या जर्मनीने दिली.

वेतनाची अट प्रत्येक देशाची वेगळी

ब्लू कार्ड युरोपीय संघाचे असले तरी त्यासाठीची किमान वेतनमर्यादा प्रत्येक देश स्वतंत्रपणे ठरवतो. निर्देशानुसार ती त्या देशातील सरासरी वेतनाच्या १ ते १.६ पट असावी लागते. देश बदलताना नव्या देशाची मर्यादा लागू होते आणि अनेकांची अडचण येथेच होते.

जर्मनीत २०२५ साठी सर्वसाधारण मर्यादा वार्षिक ४८,३०० युरो होती. मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायांसाठी ती ४३,७५९.८० युरो होती. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये सर्वसाधारण मर्यादा सुट्टीभत्ता वगळून दरमहा ५,६८८ युरो, म्हणजे वर्षाला ६८,२५६ युरो होती. वार्षिक ५२ हजार युरो वेतन असलेला अभियंता जर्मनीत सहज पात्र ठरत असला, तरी तेवढ्याच वेतनावर नेदरलँड्समध्ये त्याला ही सर्वसाधारण अट पूर्ण करता आली नसती. या मर्यादा दरवर्षी बदलतात, त्यामुळे अर्जाच्या वर्षातील आकडे पाहणे गरजेचे आहे.

नोकरी गेल्यास मिळणारी मुदतही लक्षात घ्यावी लागते. कार्ड दोन वर्षांपेक्षा कमी काळ असल्यास तीन महिन्यांपेक्षा अधिक बेरोजगारी, तर दोन वर्षांहून अधिक काळ असल्यास सहा महिन्यांपेक्षा अधिक बेरोजगारी कार्ड रद्द होण्यास कारण ठरू शकते.

कंपनीने पाठवलेले कर्मचारी

बेंगळुरूहून जाणारे अनेक जण स्वतंत्रपणे नोकरी शोधून जात नाहीत. त्यांना त्यांचीच कंपनी युरोपातील शाखेत पाठवते. अशा कर्मचाऱ्यांना बहुधा कंपनीअंतर्गत बदलीचा, म्हणजे आयसीटी परवाना मिळतो. २०१४ च्या निर्देशानुसार व्यवस्थापक आणि तज्ज्ञांसाठी त्याची कमाल मुदत तीन वर्षे, तर प्रशिक्षणार्थींसाठी एक वर्ष आहे.

या परवान्यावर कंपनीच्या दुसऱ्या सदस्य देशातील शाखेत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत काम करता येते. त्याहून अधिक काळासाठी त्या देशाची वेगळी परवानगी लागते. परवाना कंपनीशी बांधलेला असल्याने त्यावर दुसऱ्या मालकाकडे नोकरी करता येत नाही. त्यामुळे परदेशी बदली आणि परदेशी कंपनीशी थेट करार यांत वेतन सारखे असले, तरी पुढील वाटा सारख्या नसतात.

कायम वास्तव्याचे दोन प्रकार

काही वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करतानाही निवड करावी लागते. जर्मनीत ब्लू कार्डधारकाला २७ महिन्यांनंतर, आणि जर्मन भाषेची बी-१ पातळी गाठलेली असल्यास २१ महिन्यांनंतर, राष्ट्रीय कायम वास्तव्य परवाना मिळू शकतो. मात्र तो जर्मनीपुरताच आहे.

याहून वेगळा असा युरोपीय संघाचा दीर्घकालीन निवासी दर्जा साधारणतः पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर मिळतो. तो मिळालेल्या व्यक्तीला अन्य सदस्य देशात जाऊन तेथील परवान्यासाठी अर्ज करण्याचा हक्क असतो. पुरेसे उत्पन्न, आरोग्य विमा आणि नोकरीचा करार यांसारख्या अटी तो देश घालू शकतो. ब्लू कार्डधारकांना ही पाच वर्षे वेगवेगळ्या देशांतील वास्तव्य जोडून पूर्ण करता येतात. परंतु अर्ज करण्यापूर्वीची सलग दोन वर्षे त्याच देशात झालेली असावी लागतात. लवकर मिळतो म्हणून केवळ राष्ट्रीय परवाना घेणाऱ्यांना पुढे देश बदलताना हा फरक जाणवतो.

निवृत्तिवेतनाबाबत तुलनेने दिलासा आहे. कायदेशीर वास्तव्य असलेल्या बिगरयुरोपीय नागरिकांनाही संघाचे सामाजिक सुरक्षेच्या समन्वयाचे नियम २०११ पासून लागू आहेत. त्यामुळे विविध सदस्य देशांत भरलेल्या अंशदानाचा कालावधी एकत्र धरता येतो. डेन्मार्क या तरतुदीबाहेर आहे. भारत आणि जर्मनी यांच्यातील सर्वसमावेशक सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू झाला. त्यानुसार, भारतातील कंपनीने पाठवलेल्या कर्मचाऱ्याला भविष्य निर्वाह निधी संघटनेचे प्रमाणपत्र दाखवून ४८ महिन्यांपर्यंत जर्मनीतील अंशदानातून सूट मिळू शकते.

नागरिकत्वाची किंमत

कोणत्याही परवान्याशिवाय नोकरी शोधण्याची आणि करण्याची पूर्ण मुभा केवळ सदस्य देशांच्या नागरिकांना आहे. गोव्यातील अनेक कुटुंबांनी हा मार्ग अवलंबला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढील पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो. या आधारावर हजारो गोमंतकीय ब्रिटनमध्ये गेले आणि स्विंडनसारख्या शहरांत स्थिरावले. ब्रिटन संघाबाहेर पडल्यानंतरचा संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि नव्याने जाणाऱ्यांसाठी तो मार्ग बंद झाला. पोर्तुगीज पारपत्रावर जर्मनी, फ्रान्स किंवा आयर्लंडमध्ये काम करण्याचा हक्क मात्र कायम आहे.

जर्मनीने जून २०२४ पासून सर्वसाधारणपणे पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्वाची वाट मोकळी केली आणि दुहेरी नागरिकत्वालाही मान्यता दिली. तथापि, भारताच्या नागरिकत्व कायदा, १९५५ मधील कलम ९ नुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. त्यानंतर मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर भारतात येण्याची आणि राहण्याची मुभा असली तरी मतदानाचा हक्क राहत नाही, तसेच शेतजमीन खरेदी करता येत नाही.

फसवणुकीचा धोका

परवान्यांतील हा फरक माहीत नसल्याचा फायदा काही दलाल घेतात. ज्या देशाचा परवाना सहज मिळतो त्या देशाच्या नावाने कागदपत्रे करून घ्या आणि नंतर जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये जा, असे आश्वासन दिले जाते. पोलंड किंवा क्रोएशियाच्या राष्ट्रीय परवान्यावर जर्मनीत नोकरी करणे हे बेकायदा काम ठरते. त्यातून दंड, हद्दपारी आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रात प्रवेशबंदी ओढवू शकते. परदेशी नोकरी देणाऱ्या संस्थेची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. नोंदणीकृत संस्थेला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून कमाल ३० हजार रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर एवढीच रक्कम घेता येते.

परदेशातील नोकरी स्वीकारण्यापूर्वी परवाना राष्ट्रीय आहे, ब्लू कार्ड आहे की कंपनीअंतर्गत बदलीचा, याची लेखी विचारणा मालकाकडे करावी. तो परवाना कोणत्या मालकाशी आणि किती काळ बांधलेला आहे, नोकरी सुटल्यास किती दिवस मिळतात आणि जोडीदाराला कामाचा हक्क आहे का, याचीही खातरजमा करावी. परिचारिका, डॉक्टर, शिक्षक यांसारख्या नियमन असलेल्या व्यवसायांत भारतीय पदवीची मान्यता प्रत्येक देश स्वतंत्रपणे देतो. जर्मनीत मिळालेली मान्यता ऑस्ट्रियात किंवा आयर्लंडमध्ये आपोआप लागू होत नसल्याने, या व्यवसायांतील उमेदवारांनी पहिल्या देशाची निवड करतानाच पुढचा विचार केलेला बरा.