गोड ज्वारी आणि नत्राचा हिशेब

आमच्या वसईच्या बागाइतांत ऊस आणि केळीं पिकत आलीं तीं शेणखत, पेंड व सुक्या मासळीचें खत यांच्या बळावर. या तिहींतील सामर्थ्य मुख्यतः नत्राचें. १९०९ सालीं फ्रिट्झ हाबर या जर्मन शास्त्रज्ञानें हवेंतील नत्रापासून अमोनिया करून दाखविला. १९१३ सालीं ओपाऊ येथें त्याचा कारखाना सुरू झाला, आणि खत गोठ्यांतून कारखान्यांत गेलें.

पुढें १९६८ सालीं बनबिहारी निंबकर यांनीं फलटण येथें शेतकी संशोधनसंस्था स्थापिली. तेथें गोड ज्वारीचा अभ्यास झाला. कणसाचा दाणा माणसाला, ताटांचा रस आंबवून काढलेला मद्यार्क दिव्याला व चुलीला, आणि चोथा गुरांना! ऊस वर्षभर शेत अडवितो. ही ज्वारी सुमारें चार महिन्यांत येते.

परंतु मेख पुढेंच आहे. युरियांत शेंकडा ४६ भाग नत्र असतें. तें एकदम फेकलें तर कांहीं हवेंत उडतें, कांहीं पावसाबरोबर मुळांखालीं निसटतें. पिकाच्या मुखीं पुष्कळदां निम्म्याहून कमी पडतें. अति झाल्यास ताट माजून लोळतें. शिवाय अमोनिया करण्यास बहुधा नैसर्गिक वायु खर्ची पडतो. म्हणजे खनिज इंधन वाचविण्यासाठीं पेरलेल्या पिकावर खनिज इंधनच उधळावयाचें! यास्तव कांहीं खत पेरतांना, कांहीं महिन्याभरानें, ओलीवर, मातीआड द्यावें.

युरिया स्वस्त झाला तशी मूठ सैल झाली. इंधनाच्या शेतीचा नफा मद्यार्काच्या लिटरांत मोजण्यापूर्वीं खताच्या मुठींत मोजावा, हेंच शहाणपणाचें.