लहान मुलांचं मन आणि शाळेची जबाबदारी

पहिली-दुसरीतलं मूल ‘मला टेन्शन आलंय’ असं सांगत नाही. त्याचं पोट दुखतं, तेही शाळेच्या दिवशीच. कुणी पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं, तर कुणी घरी भरपूर बोलतं पण वर्गात तोंड उघडत नाही. याला नाटक म्हणण्याआधी आपण कारण शोधायला हवं.

शिक्षकांनी रोज नावाने हाक मारून दोन शब्द बोलावेत. वेळापत्रक ठरलेलं असावं. पुढे काय होणार हे कळलं की मूल निर्धास्त होतं. घरी उर्दू बोलणारं मूल मराठी शाळेत सुरुवातीला गप्प राहू शकतं. त्याला वेळ द्यावा, भाषेवरून त्याचं हसू होऊ देऊ नये.

शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 मध्ये मारण्याबरोबरच मानसिक छळालाही मनाई आहे. म्हणजे सर्वांसमोर अपमान करणं ही ‘शिस्त’ नव्हे.

पालकांनी ‘किती मार्क पडले?’ याऐवजी ‘आज कोणाबरोबर डबा खाल्लास?’ असं विचारून पाहावं. महिनाभरात फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवावं. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. तिथे विचारण्यात लाज कसली?